माईक आजीला द्या

आमच्या चौकात परवा एक नवं नेतृत्व उगवलं. आठ बाय दहाचा फ्लेक्स. मागे ढगांतून फुटणारे सूर्यकिरण, बाजूला डरकाळी फोडणारा सिंह, डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात अंगठ्याएवढी जाड सोनसाखळी (ती छपाईवाल्याने संगणकावर घातलेली) आणि वर मजकूर : 'युवकांचे प्रेरणास्थान, दिलदार व्यक्तिमत्त्व, यांना प्रथम वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' प्रथम. म्हणजे नेत्याचं वय वर्ष एक. दात चार, भाषणं शून्य. खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार'. एका वर्षाच्या मुलाचा मित्रपरिवार दिसतो तरी कसा, म्हणून मी खालच्या ओळीतले चेहरे नीट न्याहाळले. सगळ्यांना मिशा होत्या.

बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पालिकांचे चांगलेच कान उपटले होते. पण आमचं नेतृत्व अजून वाचायला शिकलेलं नाही, तेव्हा न्यायालयाचा आदेश त्याने वाचला नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. मित्रपरिवाराचं काय, ते मला माहीत नाही.

फ्लेक्स हा वाढदिवसाचा सार्वजनिक भाग. घरगुती भाग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये असतो आणि त्याला दीडशे माणसं असतात. दारात फुग्यांची कमान. आत जंगल, अंतराळ किंवा शिंग असलेला घोडा, जी काही 'थीम' असेल ती. उत्सवमूर्ती आत्याच्या खांद्यावर झोपलेली, कारण कार्यक्रम सातचा आणि केक कापायचा नऊला. दुपारची झोप फोटोशूटने खाल्लेली. कोपऱ्यात टॅटू काढणारी मुलगी, तिच्याशेजारी पाणीपुरीवाला, आणि मधे अस्वलाचा पोशाख घातलेला एक घामाघूम तरुण, ज्याच्याकडे बघून दोन-तीन पोरं आधीच भोकाड पसरून घरी गेली आहेत. अस्वलाचंही पोट आहे, त्याला दोष नाही.

या सगळ्यावर राज्य करतो तो अँकर. 'आवाज नाही आला! मागून आवाज नाही आला!' हे त्याचं मंगलाचरण. मुलाचं नाव त्याने तळहातावर लिहून आणलेलं असतं. घामाने ते पुसलं की 'आपला बर्थडे बॉय' एवढ्यावर भागवतो. मग एका मिनिटात कागदी पेल्यांचा मनोरा रचायला तो सगळ्या आयांना पुढे बोलावतो. बाबांना नाचायला लावतो. आजोबांना विचारतो, 'आजोबा, लव्ह मॅरेज का अरेंज?' आजोबांना ऐकू येत नाही, ते 'दोनदा चहा झाला' म्हणतात, आणि संध्याकाळभरातला एकमेव खरा हशा तिथे पिकतो. त्याचे पैसे अँकर घेतो.

मग केक. दुमजली. वरचा मजला खरा, खालचा पुष्कळदा थर्मोकोलचा. फोटोत उंची यावी म्हणून. वर साखरेच्या लगद्याचा वाघ बसलेला असतो, जो कोणी खात नाही आणि जो फेकवतही नाही. तो आठवडाभर फ्रिजच्या दारातून घरच्यांकडे बघत राहतो. मेणबत्तीच्या जागी ठिणग्यांचं कारंजं उडतं, मूल घाबरतं, फुंकर आई मारते. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात यावर खरोखर प्रयोग झाला. मेणबत्त्या फुंकल्यावर केकच्या वरच्या थरावरचे जिवाणू सरासरी चौदाशे टक्क्यांनी वाढतात असं त्यांनी २०१७ मध्ये छापलं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हेच प्रयोगशाळेवाचून सांगितलं होतं आणि वर ताटलीही सरकवून ठेवली होती.

जाताना रिटर्न गिफ्ट. एकेकाळी पेन्सिल, खोडरबर आणि फार तर वरती टोकयंत्र. आता डबा, बाटली, कुंडीतलं रोप. पाकिटात घातलेल्या रकमेशी त्याचा ताळमेळ लिफ्टमध्येच लावला जातो आणि पार्किंगमध्ये निकाल जाहीर होतो.

एक मात्र कबूल करायला हवं. वाढदिवसातली फुकट गोष्ट विकण्याची अक्कल आपल्या इव्हेंटवाल्यांची नव्हे. आपण सगळे जे गाणं बेसूर म्हणतो, त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकीच्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींची. १८९३ साली ती बालवाडीतल्या मुलांच्या सकाळच्या नमस्काराच्या गाण्यासाठी छापली गेली. पुढे त्यावर वाढदिवसाचे शब्द चढले, आणि त्या शब्दांवर मालकी सांगून एक संगीत कंपनी सिनेमावाल्यांकडून वर्षानुवर्षं पैसे घेत राहिली. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती मालकी अमान्य केली. गाणं सुटलं. हसणं मात्र आपण आपल्या हाताने नेऊन कंत्राटदाराकडे दिलं : तासाचा दर, माईक आणि स्पीकर वेगळा.

आमच्या आधीच्या पिढीला ही कटकट नव्हती, कारण त्यातली निम्मीअर्धी माणसं एकाच दिवशी जन्मली होती. एक जून. पोराला शाळेत घालायला बाप घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, ते मोठ्या पुरानंतर, बैल वारला त्या सालात. गुरुजी पोराकडे बघायचे, बोटांवर हिशेब करायचे आणि शाळा जूनमध्ये भरते या एका भक्कम पुराव्यावर एक जून टाकून मोकळे व्हायचे. काही गुरुजी तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत; कान हाताला लागला की वय भरलं. त्या लेखणीची ताकद एवढी की महाराष्ट्रात आजही एकतीस मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, हा नियम. गुरुजींनी एका दमात जन्माला घातलेली माणसं सरकार एका दमात घरी पाठवतं. नारळ आणि शाली घाऊक भावात.

ज्यांची तारीख खरी होती, त्यांचंही वय कधी पक्कं नव्हतं. एसटीत पाच वर्षांपर्यंत फुकट आणि बारापर्यंत अर्धं तिकीट. त्यामुळे सहावं लागलेलं मूल स्टँडवर आलं की पुन्हा चौथ्यात जायचं. 'कंडक्टरकाकांनी विचारलं तर काय सांगायचं?' याची तालीम रिक्षातच व्हायची. कंडक्टरने विचारल्यावर 'गाडीत चार, घरी सहा' असं बाणेदार उत्तर देणारं मूल महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबात होऊन गेलेलं आहे. ज्याला त्याला विचारा, तो आमचाच बंड्या म्हणून सांगेल. मला यातल्या एकाही कंडक्टरचं नवल वाटत नाही. त्याच्या घरीही एक असणारच.

आणि आजीचा पंचांगाचा हट्ट. तारखेला केक, तिथीला औक्षण. म्हणजे मुलाला दोन वाढदिवस आणि घराला दोन भांडणं. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा गळाभेट घेतात. तोवर मुलगा हॉस्टेलवर गेलेला असतो. अधिक महिन्यात जन्मलेल्यांची तर पंचाईतच. ते नेमका तो महिना धरून बसले तर वर्षानुवर्षं औक्षण नाही, केक नाही. पण एकोणतीस फेब्रुवारीवाल्यांनी त्यांना नावं ठेवू नयेत. मोरारजी देसाई १८९६ च्या एकोणतीस फेब्रुवारीचे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांची पहिली खरी तारीख उगवली १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. असल्या संयमाची तालीम ज्याला बालपणी मिळाली, त्याचं पुढे पंतप्रधानपदाची वाट बघताना काय अडलं असेल?

औक्षण मात्र बघण्यासारखं. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. अंगठी आईच्या बोटातली, आणि ती बोटातून निघत नाही. साबण, मग खोबरेल तेल, मग 'लग्नात सैल होती गं' हे वाक्य, मग बाबांचा सूचक खोकला. मुलाच्या डोक्यावर टोपी हवी. टोपी सापडत नाही. कपाटातली आजोबांची टोपी नाकापर्यंत येते. शेवटी क्रिकेटची टोपी उलटी, नाहीतर हात पुसायचा नॅपकिन चौघडी करून. पूर्वेकडे तोंड कर म्हटलं की घरातले तीन पुरुष तीन वेगवेगळ्या पूर्व दाखवतात, त्यातला एक मोबाइल काढून. तेवढ्यात आत्याने टाकलेल्या अक्षता पोराच्या कॉलरमधून आत जातात आणि तो पाटावरच नाचायला लागतो. पाच मिनिटांचा कार्यक्रम. अँकर नसतो. हसून सगळ्यांचं पोट दुखतं.

या विनोदाचं शास्त्र कुठे लिहिलेलं नाही, पण प्रत्येक घराला ते येतं. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला सांगायची एक ठरलेली थाप असते : तू आमचा नाहीसच. कुणाला डोंबाऱ्याने सोडलेलं असतं, कुणी देवळाच्या पायरीवर सापडलेलं. बहुमत अर्थात बोहारणीच्या बाजूने. माझ्या एका भाचीला मामाने असंच ऐकवलं, तुला बोहारणीकडून घेतलं, जुन्या साड्या देऊन. पोरगी पाच वर्षांची. ओठ काढून रडेल अशी सगळ्यांची खात्री. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, 'किती साड्या?' मामा म्हणाला, दोन. ती स्वयंपाकघरात गेली, आईला विचारून आली आणि म्हणाली, 'आई म्हणते, दोन साड्यांत साधं पातेलंसुद्धा देत नाहीत. तुला फसवलं.' आता ती नोकरी करते. अजून वाढदिवसाला मामाचा फोन आला की तो पहिल्यांदा पातेल्याचा भाव विचारतो.

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे जन्माची. ती सांगण्याचा हक्क घरातल्या ज्येष्ठ बाईकडे. शेजारच्या घरात मी ती बऱ्याच वेळा ऐकली आहे. पावसाळी रात्र, दीड वाजलेला, सुनेच्या पोटात कळा. मुलगा धावत जाऊन रिक्षा घेऊन येतो, तयार ठेवलेली पिशवी उचलतो, रिक्षात बसतो, 'चला लवकर' म्हणतो आणि रिक्षा सुटते. सून फाटकात. हातात छत्री. सासू मागून ओरडतेय, अरे, तिला घे! पहिल्या वाढदिवसाच्या आवृत्तीत रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिसऱ्या वाढदिवसाला ती सिग्नल ओलांडून गेली. हल्ली ती थेट हॉस्पिटलात पोचते आणि नर्सबाई विचारतात, 'पेशंट कुठंय?' आणि हा पिशवी पुढे करतो. दर वर्षी बाप म्हणतो, 'आई, एवढंही नव्हतं झालं.' दर वर्षी त्याला सगळे मिळून गप्प करतात. मुलगी दर वर्षी विचारते, 'मग मी कुठे होते?' आजी म्हणते, 'तू फाटकात. आईच्या पोटात. हसत होतीस.' मुलीला उत्तर पाठ आहे. तरी विचारते. चुकून आजीने छत्री गाळली तर मुलगी लगेच टोकते.

कोणत्या अँकरला ही गोष्ट येणार? त्याला मुलीचं नावही तळहातावर लिहावं लागतं.

आता घरगुती विनोद म्हटला की गळे काढून त्याची आरती करावी, असंही नाही. आपल्या घरांत विनोदाच्या नावावर जे खपवलं जातं त्यातला बराचसा भाग निव्वळ बोचकारणं असतं. 'ही रंगाने कुणावर गेली?' 'केक हिला नका देऊ, दार मोठं करावं लागेल.' 'दहावीत किती, ते नको विचारायला, वाढदिवस आहे.' हे बोलणारे काका दर कुटुंबात एक असतात आणि मूल रडलं की तेच म्हणतात, 'गंमत कळत नाही हल्लीच्या पोरांना.' कळते. म्हणूनच रडतं. ज्यावर मुलाला उलटून उत्तर देता येतं ती चेष्टा. पातेल्याच्या भावावर देता येतं, कातडीच्या रंगावर देता येत नाही. तोंडाला केक फासणं हेही त्यातलंच. ज्याच्या डोळ्यांत क्रीम गेलं आहे, त्याने हसायचं असतं, कारण समोर मोबाइल चालू आहे. वर फवाऱ्यातून कृत्रिम बर्फ उडवतात, पेटलेल्या मेणबत्तीच्या तोंडावर. त्या डब्यावरच 'ज्वलनशील' लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत. वाचायला कुणाला वेळ आहे, रील काढायचं असतं.

याच्या उलट टोकाला नवे पालक. त्यांनी पालकत्वावर व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांच्या घरी मुलाला बोहारणीची गोष्ट सांगायला बंदी, मुलाच्या मनावर ओरखडा उठतो म्हणून. ओरखड्याची काळजी बरोबर आहे. पण मग त्याच मुलाला दीडशे अनोळखी माणसांसमोर अस्वलाच्या कुशीत उभं करून 'स्माइल, बेटा' म्हणताना ती काळजी कुठल्या पार्किंगमध्ये लावलेली असते, ते कळत नाही.

मराठीत घरगुती विनोदाचं घराणं चिं. वि. जोशींचं. गृहस्थ बडोद्याचे, पाली भाषेचे पंडित. आणि त्यांनी लिहिला चिमणराव. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यामुळे तो ज्यांनी पुस्तक उघडलं नाही त्यांनाही कळला. त्या घरात फजिती होते ती बहुतेक वेळा घरच्या कर्त्या पुरुषाची. चिमणराव शहाणपणा करायला जातो आणि तोंडावर आपटतो. मोरू आणि मैना बघत असतात. पोरांना हसायला बाप मिळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या आसपास, जेव्हा बाप ओसरीवर आला की पोरं आत पळत होती, तेव्हा एका मराठी लेखकाने बापाला हसण्यासाठी उभं केलं. आपण आज मुलाशी मित्रासारखं वागतो म्हणतो आणि त्याच्या वाढदिवसाला हसवायला भाड्याचा माणूस आणतो, कारण स्वतःची फजिती दीडशे जणांसमोर कोण सांगणार? तिथे ऑफिसचे लोक आलेले असतात.

शाळेतल्या वाढदिवसाबद्दल मात्र मला काही बोलायचं नाही, तो आम्ही जवळपास बिनचूक करत होतो. त्या दिवशी गणवेश माफ. हातात रावळगावच्या गोळ्यांची नाहीतर एक्लेअर्सची पुडी. वर्गात प्रत्येकी एक, बाईंना दोन, आणि दुसऱ्या वर्गांत वाटायला जाताना बरोबर कुणाला न्यायचं हे ठरवायचा अधिकार पूर्ण दिवस आपल्याकडे. त्या एका अधिकारासाठी आदल्या आठवड्यात वर्गात आपले लाड व्हायचे. पुढे नेत्यांना मिळतो त्यापेक्षा हा मान खरा होता, कारण मित्रपरिवाराला मिशा नव्हत्या. त्या रावळगावचे ब्रँडही २०२४ मध्ये रिलायन्सने सत्तावीस कोटींना घेतले. पान पसंदसकट.

तर यंदा घरात कुणाचा वाढदिवस असेल तर माझी एक विनंती आहे. हॉल घेतलाच असेल तर घ्या, कमान लावा, पाणीपुरीवाल्यालाही बोलवा, त्याने कुणाचं वाईट केलेलं नाही. फक्त अँकरला दिलेला ॲडव्हान्स सोडून द्या आणि माईक आजीला द्या. ती आधी 'मला नको ते' म्हणेल, मग दोनदा फुंकर मारून बघेल, मग सोडणार नाही. आणि गोष्ट रिक्षेपाशी आली की बापाने फोन आल्यासारखं करून बाहेर जायचं नाही. समोर बसायचं.